सुतळीएवढी फट

होडी म्हंजी गाडी न्हाई, ह्ये मला कुशाबानं दहा येळा सांगितलं. म्या दहाही येळा मान डोलावली आन् मला पायजे तेच केलं. आता कुणी म्हणंल, म्हातारपणी बहिरू सुताराला उपरती झाली. उपरती-बिपरती काय न्हाई. मला माझाच राग येतो, आन् राग बोलून टाकल्याबिगर निवत न्हाई, म्हणून सांगतोय.

छप्पन साल व्हतं. धरणाच्या पाण्याच्या अल्याडला आमची खांबवाडी, आन् तितं मी एकटाच सुतार. पौडापासनं कोळवणापतुर ज्या बैलगाड्या फिरायच्या त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या. चाकाचा आरा असा बसवायचो की सांध्यात नख जायचं न्हाई. माझा बाप म्हणायचा, ज्या सांध्यात नख जातं त्यो सांधा सुतारानं न्हाई, उंदरानं केलेला. म्या जलमभर त्येच धरून काम केलं. माझ्या कामाला कुणी नाव ठिवलं की माझं डोस्कं फिरायचं, मंग समोर पाटील असू दे न्हाईतर भाऊबंद. आमच्या घरात त्यावरनं रोज एक टोमणा ठरलेला. सुंभ जळंल पण ह्यांचा पीळ जायाचा न्हाई, म्हणायची.

घरात म्हंजी माझी बायकू, चंद्राबाई. तिचं माहेर कोंढाळं. आता कोंढाळं कुटं म्हणून इचारू नका. धरण झालं आन् ते गाव पाण्याखाली गेलं. ज्या साली गेलं त्याच साली तिला पयल्यांदा दिस गेले व्हते. पयलं बाळंतपण माहेरी असतं, पण माहेरच बुडालं, आई-बाप घाटाखाली कुटंतरी पांगले, आन् तिला न्यायला कुणी आलं न्हाई. ती आमच्या मागल्या खोपटात बाळंत झाली. कळा देताना आईला हाका मारत व्हती, त्या मला अजून ऐकू येतात. पोरगं तिसऱ्या दिशी गेलं. तवापासनं त्या पाण्यात तिनं पायाचं बोट घातलं न्हाई. धुणं ओढ्यावर, प्यायचं झऱ्याचं. तीस वरसं झाली, त्या पाण्याकडं पाठ करून ती भांडी घासायची.

आन् माझी अक्कल बघा, म्या तिची एकुलती एक पोर पाण्यापल्याड दिली. जातीतला मुलगा, खडकीच्या कारखान्यात सुतारकामाला लागलेला, आई बिचारी गरीब, मला वाटलं ह्यापरीस काय पायजे. कमळ आंबेडवाडीत नांदायला गेली. होडीनं तासाभराची वाट, पण जमिनीनं जायाचं तर डोंगराला वळसा घालून दीड दिसाची पायपीट. चंद्राबाई लग्नानंतर एकदा चालत गेली ती गुडघे धरूनच माघारी आली. मंग कमळच यायची, सणासुदीला, कुशाबाच्या होडीतनं.

कुशाबाच्या बापानं कोकणातनं सुतार आणून ती होडी बांधून घेतलीती. पल्याडच्या वाड्यांचा बाजार, दवापाणी, सोयरिकी, समदं त्या एका होडीवर. कुशाबा माणूस कमी बोलायचा. माझा त्याचा लंगोटीपासनचा दोस्ताना, तरी वरसाला शंभर सबूद बोलला असंल तर शपथ.

त्या साली माघ सरताना कमळीला सातवा लागला. गरवार पोरीला माहेरी आणायची ती सातव्यात, न्हाईतर नवव्यात. आठव्यात हलवत न्हाईत, ही आपली रीत. चंद्राबाईनं सातव्याचा दिस धरला, माझ्या मागं लकडा लावला, आन् मी कुशाबाकडं गेलो. त्यो होडी काठावर वढून तिच्या पोटात बसला व्हता. त्यानं काय केलं, खिशातला चाकू काढला आन् होडीच्या बरगडीत दाबला. होडीला आतनं आडव्या वाकड्या लाकडी बरगड्या असतात, माणसाच्या छातीगत, त्यांच्यावर समद्या फळ्या ठोकलेल्या असतात. चाकू लोण्यात जावा तसा मुठीपतुर गेला.

"ह्या होडीत दोन जिवांची बाई म्या बसवणार न्हाई," त्यो म्हणला. "तुझी पोर तर न्हाईच."

सात बरगड्या कुजलेल्या, आन् खालच्या चार फळ्या. कोकणातल्या त्या सुताराला निरोप गेला. त्यो म्हातारा डोळ्यानं अधू झालेला. त्याच्या पोरानं कळवलं की पावसाळ्यानंतर येतो. पावसाळ्यानंतर! तवर माझी कमळ बाळंत हुन बाळ रांगायला लागलं असतं. घरी ह्ये सांगितलं तवा चंद्राबाई भाकरी थापत व्हती. थापता थापता तिची भाकरी फाटली. तिची भाकरी म्या कवाच फाटलेली बघितली नव्हती.

मंग म्या कुशाबाला सांगितलं, होडी मी करतो. होडी म्हंजी गाडी न्हाई, ह्ये त्यानं मला पयल्यांदा सांगितलं ते तवा.

लाकडासाठी मी रानं पालथी घातली. बरगडीला लाकूड वाकवायचं नसतं, जलमताच वाकलेलं लागतं, न्हाईतर रेषा तुटती. घोटावड्याच्या एका बांधावर वाकड्या फांद्यांची जुनी बाभूळ सापडली. बाभूळ म्हंजी आमच्या गाडीवाल्यांचा सोयरा, तिचा गुण मला ठावा. फळ्यांसाठी माझ्या माळ्यावर ऐनाच्या फळ्या व्हत्या, तीन वरसं चुलीच्या धुरात सुकलेल्या, हाडागत. गाडीच्या साटीसाठी, म्हंजी गाडीच्या तळासाठी, ठिवल्या व्हत्या. त्या काढताना मला कोण आनंद झाला. असलं कोरडं लाकूड त्या कोकण्याच्या बापानं बघितलं नसंल, असं मनाशी म्हणलो.

कुशाबा जवळ बसून एकेक सांगायचा. एक कुजकी बरगडी काढायची, तितं नवी बसवायची, मंगच दुसरीला हात लावायचा. दोन संगं काढल्या तर होडीचं पोट सुटतं. ह्ये म्या ऐकलं. सामत्यानं, म्हंजी दोरीच्या गिरमिटानं, भोकं पाड, खिळा ठोकताना लाकूड तडकू देऊ नको, ह्येबी ऐकलं. पर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पायाला भिंगरी लागल्यागत चाललं व्हतं. घटकाभर तासणी चालवायची, उठून पाण्याकडं जायाचं, पल्याडच्या झाडांकडं बघायचं, परत यायचं. आठवा चालू झाला, अर्धा सरला, आता नववाच धरायचा. वाऱ्यानं दिशा बदलली. मृगाच्या आदी पोर आणायची, मृग लागला की पाण्यावर लाटा उठतात आन् कुशाबा दसऱ्यापतुर होडी घालत न्हाई. जेवताना मी दिस मोजायचो. चंद्राबाईबी मोजत व्हती, पर तोंडानं बोलत नव्हती. तिनं डिंक आणून ठिवला, अळीव निवडले, बाज नव्या सुंभानं विणून घेतली. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, उसवली, परत शिवली.

बरगड्या झाल्या, मंग फळ्यांची पाळी आली. तवा कुशाबा म्हणला, दोन फळ्यांत सुतळीएवढी फट ठिव. त्या फटीत कापूस ठासायचा, वरनं राळ आन् तेल. लाकूड पाणी पितं, फुगतं, त्याला फुगायला जागा लागती. त्याचा बाप त्येच सांगायचा.

मला हसू आलं. फट ठिवायची? बहिरू सुतारानं? लाकूड फुगतं ह्ये मला शिकवतोय! उन्हाळ्यात चाक ढिलं झालं की आमी त्ये ओढ्यात बुडवून ठिवतो, रातभर पाणी पितं, आन् सकाळी असं घट्ट हुतं की हातोड्यानं सुदिक हलत न्हाई. घट्ट सांधा पाण्यानं आणखी घट्ट हुतो, ह्ये चाकावर म्या चाळीस वरसं बघितलं व्हतं. कोकण्यास्नी सांधा जमत न्हाई म्हणून ते फट ठिवतात आन् तिला रीत म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं, असं माझं ठाम मत. कुशाबाला म्हणलं, बरं.

दुसऱ्या दिशी कुशाबा राळ-तेल आणायला पौडाच्या बाजाराला गेला. त्यो परत येस्तवर म्या चारी फळ्या रंधून एकीला एक अशा भिडवल्या की मधनं उजेड दिसंना. ठोकून टाकल्या. मंग वरनं पटाशीनं नखभर खाच पाडली, त्यात कापूस लावला, म्हंजी बघणाऱ्याला वाटावं फट भरलीया. कुशाबा आला, त्यानं राळ तापवली, दोघांनी मिळून लावली. त्यानं बोट फिरवलं आन् मान डोलावली. मला जरा लाज वाटली, न्हाई असं न्हाई. पर मंग मनात म्हणलं, होडी कोरडी ऱ्हायली की ह्येच मला हात जोडंल.

नववा सरत आला तवा नारळ फोडून, हळद-कुंकू लावून होडी पाण्यात घातली. अख्खी वाडी काठावर. आन् काय सांगू, थेंब आत आला न्हाई. कुशाबानं तळाला हात लावून बघितला, कोरडा ठाक. नवी होडी पयल्या दिशी गळतीच, म्हणाला, फळ्या फुगस्तवर गळायलाच पायजे. ही गळत न्हाई. त्याच्या तोंडावर कौतुक नव्हतं, त्यो कोड्यात पडल्यागत बघत व्हता. म्या मातूर मिशीवर ताव दिला. लोक पाठीवर थापा मारत व्हते आन् मी गाडीवाला सुतार असूनशानी होडी कशी केली त्ये सांगत व्हतो. कुशाबा म्हणाला, तीन दिस पाण्यात बसू दे, मंग पोरीला आणू.

त्ये तीन दिस मला बसवंना. पयल्या दिशी चार येळा काठावर गेलो. दुसऱ्या दिशी होडीत उतरून फळीवर तळहात ठिवला. फळी सपाट नव्हती. मधनं वर आली व्हती, पोळी फुगायला लागावी तशी. आन् तिसऱ्या बरगडीवर, माझ्या घोटावड्याच्या बाभळीवर, केसाएवढी चीर.

म्या स्वतःला काय काय सांगितलं. बाभळीला चीर असतीच. लाकूड बसतंय. आदीपासनंच असंल. घरी गेलो तर चंद्राबाई दारात. होडी बरी हाय ना, तिनं इचारलं. बरी म्हंजी? हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणलं, आन् आत जाऊन पाणी प्यालो. तवाच बोललो असतो तर फळी उसवायला दोन दिस पुरले असते. कुशाबानं दोन शिव्या घातल्या असत्या, लोक हसले असते. लोक हसतील म्हणून मी गप बसलो. दुसरं कारण न्हाई, उगा कशाला सजवून सांगू.

तिसऱ्या दिशी सकाळी निघालो. कुशाबा वल्ह्यावर, मी मधल्या पाटावर, संगं माझी हत्याराची पिशवी. आभाळ भरून आलेलं, वारा थांबत थांबत यायचा. चंद्राबाई काठापासनं वीस पावलं लांब, नेहमीच्या तिच्या जागेवर उभी व्हती. दुपारच्या आत या म्हणाली. मी भाकर-तुकडा घिऊन हितंच थांबते.

माझा पाय त्या तिसऱ्या बरगडीवर व्हता. चपला काढून टाकल्या व्हत्या. अर्ध्या पाण्यात आलो आन् पायाखाली कट् असं झालं. आवाज मोठा न्हाई, सुपारी फोडावी एवढाच. कुशाबानं वल्हं थांबवलं, कसला आवाज म्हणून इचारलं. म्या म्हणलं, नवं लाकूड हाय, बसतंय. त्यो परत वल्हवायला लागला. त्यानंतर अर्ध्या घटकेत आणखी दोनदा झालं. पायाच्या तळव्याला चीर लागत व्हती, आन् ती लांबत व्हती. तवा मला कळलं. चाकाला भवतीनं धाव असती. लोखंडी पट्टी, तापवून चढवलेली. लाकूड फुगून फुगून जाईल कुटं, धाव त्याला आवळून धरती. होडीला धाव कुटं असती? होडीला नुसत्या बरगड्या. फळ्या फुगल्या, त्यास्नी जागा न्हाई, म्हणून त्या बरगड्या मोडत व्हत्या. कुशाबाच्या बापाची सुतळीएवढी फट म्या बुजवली व्हती.

पल्याडच्या काठावर कमळ उभी व्हती. तिची सासू साळूबाई, शेजारच्या दोघी-तिघी बाया. वटी भरलेली, हिरवं लुगडं, केसात अबोली. साळूबाईनं बोचकं होडीत ठिवलंसुदिक. कमळ लुगडं सावरत पाण्यात आली, होडीच्या काठाला हात लावला आन् हसून म्हणाली, "आबा, हात द्या."

माझा हात उठंना. पोर हात पुढं करून उभी आन् बाप दगडागत बसलेला. तिला वाटलं मी थकलोय. ती स्वतःच पाय उचलायला लागली.

"कमळे, मागं हो," म्या म्हणलं. "ह्या होडीत बसू नगं. ही म्या मोडलीया."

आन् मंग समदं सांगितलं, त्या बायांच्या देखत. फट ठिवली न्हाई, वरनं खोटा कापूस लावला, काल चीर बघितली, येताना आवाज ऐकला. कुशाबानं पाटाची फळी उचलली. तिसरी बरगडी या टोकापासनं त्या टोकापतुर उभी चिरली व्हती, आन् चौथीची सुरुवात झालीती. त्यानं चिरेवरनं बोट फिरवलं.

"अर्धं पाणी तू गप बसून आलास," त्यो म्हणला. "मी बी ह्याच होडीत व्हतो, बहिरू."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कमळ मागं सरली, काठावरच्या दगडावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं पर ती मला काय टाकून बोलली न्हाई. एवढंच इचारलं, आईला आता तुमी काय सांगणार. तेवढ्यात साळूबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, पाठीवरनं हात फिरवला, कानात काय इचारलं. कमळीनं मान हलवली. सकाळपासनं कंबर धरलीया, पर घरी जायचं म्हणून बोलली नव्हती.

"इवाई, दिस भरत आलेत हिचे," साळूबाई म्हणाली. "आज रात, न्हाईतर उद्या सकाळ. ही आता कुटं जात न्हाई. हितंच हुईल, आमी हाओत की." मंग जरा थांबून म्हणाली, "पर ही काल रातभर आईचंच नाव घेत व्हती."

माझ्या कानात खोपटातल्या त्या हाका वाजल्या. तीस वरसांमागं एकीची आई पाण्यानं अडवली. आता दुसरीची माझ्या पिळानं अडली व्हती. मी उठलो. कुशाबाला म्हणलं, मला होडी दोन तास दे. माझा भरवसा धरू नको, पर देच.

वाडीतल्या चौघांनी होडी वढून कुशीवर केली. म्या सामत्यानं भोक पाडलं, त्यातनं करवत घातली आन् सांध्यावरनं चालवली. माझाच सांधा, ज्यात नख जात नव्हतं, त्यो म्या माझ्या हातानं उभा कापला. करवत निम्म्यात गेली तशी फळ्या सैल पडल्याचा आवाज झाला, आन् खरं सांगतो, त्या होडीनं सुस्कारा टाकल्यागत मला वाटलं. साळूबाईच्या गोठ्यात मोडका नांगर व्हता. त्याचं खोड आपसूक वाकलेलं. त्ये तासून चिरलेल्या बरगडीच्या अंगाला जोड म्हणून ठोकलं. फटीत साळूबाईच्या उशीतला कापूस ठासला, कुशाबानं होडीत उरलेली राळ लावली. त्यो म्हणाला, ही आता गळंल, आन् गळू दे. पाणी उपसत दोन माणसं जातील. कमळीला मातूर बसवायची न्हाई. म्या म्हणलं, कमळीसाठी न्हाई.

माघारी येताना मी उपसत व्हतो, कुशाबा वल्हवत व्हता. वारा वाढला व्हता. दुपार टळून गेलीती. लांबनं चंद्राबाई दिसली, त्याच जागेवर, हातात भाकर-तुकडा आन् तांब्या. होडी जवळ आली तशी ती मान उंच करून बघायला लागली. होडीत दोनच माणसं. तिच्या हातातला तांब्या कलंडला, तिला कळलंबी न्हाई.

मी गुडघाभर पाण्यातनं चालत तिच्या पुढ्यात गेलो. उगा गोल गोल बोललो न्हाई. चूक माझी, म्हणलं. होडी म्या गर्वानं मोडली. पोर सुखरूप हाय पर येऊ शकत न्हाई. तिच्या कळा सुरू हुतायत. ती तुला बोलावतीया.

मला वाटलं आता शिव्याशाप देईल, द्यायला पायजेच व्हते. ती वळली आन् घराकडं गेली. कुशाबा म्हणाला, गेली बघ. मी काठावर बसलो. सगळं संपलं असं वाटलं मला. एवढ्यात ती आली. डोक्यावर डिंक-अळिवाचं गाठोडं, काखेत दुपटी, हातात कालवणाचं मोठं रिकामं पातेलं. काठावर आली. पाण्याशी थांबली. मंग तिनं लुगडं वर खोचलं आन् त्या पाण्यात पाय घातला, तीस वरसांनी. होडीच्या काठाला धरून स्वतःच आत चढली. मी हात पुढं केला व्हता, तिनं धरला न्हाई.

होडी गळत व्हती. ती मधल्या पाटावर बसली आन् न सांगता पातेल्यानं पाणी उपसायला लागली. मी काठावरनं उचललेल्या तिच्या तांब्यानं. थोड्या येळानं तिनं इचारलं, ह्ये पाणी कुटनं येतंय. म्या सांगितलं, फट पाडलीया म्या, ती लागती. म्हणाली, लागती तर आदी का न्हाई ठिवली. मी तांब्या भरला आन् बाहेर वतला.

अर्ध्या पाण्यात तिनं मान वर न करता कुशाबाला इचारलं, कोंढाळं कुटं. कुशाबानं वल्हं उचललं आन् सरळ खाली दाखवलं. आमी त्यावरच व्हतो. तिच्या हातात पातेलं भरलेलं व्हतं. त्ये तिनं लगेच वतलं न्हाई, मांडीवर धरून त्या पाण्यात बघत ऱ्हायली. कंबरेला खोचलेला भाकर-तुकडा काढला, कमळीवरनं उतरून टाकायला ठिवलेला, आन् अल्लाद पाण्यात सोडला. मी तोंड फिरवलं. मला रडू आवरंना आन् माझं रडणं तिनं बघावं ह्ये मला नको व्हतं.

"उपसा," ती म्हणाली. "पोर खोळंबलीया."

दिवेलागणीच्या आदी पोचलो. वाट चढताना तिचे गुडघे वाकत नव्हते, पर ती माझ्या पुढं व्हती. साळूबाईच्या दारात आत कमळीचा आवाज ऐकू आला. चंद्राबाई उंबऱ्यात उभी ऱ्हायली, कंबरेपतुर ओली, लुगड्यातनं पाणी गळतंय. कमळीनं मान वळवून बघितलं.

"आये," ती म्हणाली, "तू पाण्यावरनं आलीस?"

"व्हय."

"भ्याली न्हाईस?"

"लई भ्याले," चंद्राबाई म्हणाली. गाठोडं खाली ठिवलं, बाजेशी बसली आन् पोरीचं डोस्कं मांडीवर घेतलं. साळूबाईनं दार लोटून घेतलं.

आमी बाप्ये बाहेर अंगणात. कुशाबानं बिडी पेटवली. आत कमळ कळा देत व्हती, पर आईला हाक मारत नव्हती. आई जवळच व्हती. मला बसवंना, उभं ऱ्हाववंना. कुशाबानं खिशातनं सुतळीचं भेंडोळं काढून माझ्या पुढं धरलं. दुसऱ्या अंगाच्या फळ्या अजून तशाच व्हत्या, उजेड न दिसणाऱ्या. सांजेचा उजेड घटकाभर उरला व्हता. म्या सुतळी घेतली, करवत घेतली आन् होडीकडं उतरलो.